लाईनचं दुसरं टोक

आमच्या गावाला एक वायरमन होता. मी त्याला भीत होतो. हे मी आजवर घरातसुद्धा सांगितलेलं नाही, कारण भिणारा माणूस म्हणून माझी ओळख नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, पण विहीर स्वतःच्या हातानं सुरुंग भरून फोडली आहे आणि तहसीलदारासमोर टोपी न काढता बोललो आहे. तरी खांद्यावर दोराचं भेंडोळं टाकून तो मोटारसायकलवर येताना दिसला की मी बांधाआड व्हायचो.

दिसायला काही नव्हता. अंगानं किडकिडीत, श्रीरामपूरकडचा, खाकी शर्टाची वरची गुंडी उन्हाळ्यातसुद्धा लावलेली. डाव्या हाताची दोन बोटं मात्र जळालेल्या वातीसारखी काळी आणि आखडलेली. कोणी विचारलं तर तीच पुढं करायचा.

"लाईननं सही केलीय. एकदा सोडलं तिनं मला. दुसऱ्यांदा सोडीन असं काय लिहून दिलेलं न्हाई."

हे तो हसत सांगायचा. ऐकणाऱ्याला हसू यायचं नाही.

लाईन हा शब्द इंग्रजी आहे हे मला नातीनं सांगितलं. मला तो आपलाच वाटत होता. सकाळी उठल्यावर आम्ही तोंड धुवायच्या आधी विचारतो, लाईन आली का? ती वीज. मग शेतात जातो, तिथं विहिरीपासून वाफ्यापर्यंत पाईप पुरलेला, ती पण लाईन. तिसगावला बाजाराच्या दिवशी बँकेत उभं राहायचं ते लाईनीत. गवंडी भिंत धरतो ती लाईनदोरीवर. पोरगं कामाला चिकटलं की लायनीला लागलं, बिघडलं की लाईन सोडली, आणि कॉलेजच्या रस्त्यावर भांग पाडून उभं असलं तर ते लाईन मारतंय. सोयरीक जमवायला बसलं की पहिला सवाल, पोरगा कोणत्या लाईनला आहे? साहेबाच्या मुलखात या शब्दाला काय काय कामं आहेत मला ठाऊक नाही. आमच्याकडं तर तो घरगड्यासारखा राबतो.

आम्ही तो शब्द वापरून मोकळे व्हायचो. वायरमन मोकळा होत नव्हता. त्याचं एक म्हणणं ठरलेलं होतं.

"लाईन कशाची बी असू द्या. तिला दोन टोकं असत्यात. तुमी समदे आपल्या हातातलं टोक बघता. दुसरं टोक कुठं हाय?"

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. एकदा बँकेत आम्ही तासभर उभे होतो. हा आला, लाईनीत उभा राहिला नाही, सरळ पुढं चालत गेला. लोक ओरडले, "ओ वायरमन, आमी काय येडे हाओत व्हय?" हा पुढं जाऊन बघून आला आणि म्हणाला, "व्हय. खिडकीला कुलूप हाय." साहेब जेवायला गेले होते आणि चाळीस माणूस कुलपापुढं उभं होतं.

चहाच्या टपरीवर एक पोरगं मित्राला सांगत होतं की अमकीची आपल्याला लाईन आहे. वायरमन शेजारी बशीतून चहा पीत होता. मान वर न करता म्हणाला, "टेस्टर लावून बघितला का?" पोरगं लाजलं. हा म्हणाला, "लाज नको. दुसऱ्या टोकाला तिचा बाप हाय का ती हाय, एवढं बघ. तार दिसायला सारखीच असती." टपरीवाला हसून हसून वाकला. तो मात्र चहा संपवून उठला.

आणखी एक खोड. कुठल्याही वस्तूला तो पहिल्यांदा तळहात लावत नसे. आधी पालथा हात. दाराची कडी, पाण्याचा तांब्या, देवळातली घंटा, सगळ्याला आधी बोटांची मागची बाजू लावायची, मग धरायचं. म्हणायचा, करंट लागला की मूठ आवळती. तळहात लावला तर तार सुटत न्हाई, पालथा लावला तर हात आपुआप मागं येतो. पण त्याची ती सवय हाडात गेली होती. माझी नात तान्ही असताना तिच्या गालाला त्यानं असाच पालथा हात लावला. माझी कारभारीण तिला घेऊन आत गेली आणि मला म्हणाली, "हा मानूस लेकराला बी जिती तार समजतो. पुन्यांदा घरात आणू नका."

पण गाव त्याला टरकून असायचं ते खांबापायी. आमच्या शिवारातले खांब जुने, लोखंडी. दुरुस्तीला आला की तो आधी डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर जायचा, तिन्ही फ्यूज काढून पिशवीत घालायचा आणि पिशवी शर्टाच्या आत, पोटाशी. मग खांबापाशी येऊन विचारायचा, "आज सगळ्यात जास्त घाई कुणाला हाय?" ज्याला घाई, त्याला चपला काढायला लावायच्या आणि उघडा तळहात खांबावर ठेवायला लावायचा. काम होईपर्यंत हात काढायचा नाही. आणि हात ठेवल्यावरच तो विचारायचा, "कुणाचं काय जोडलेलं हाय का?"

एकदा त्याला कोणी म्हणालं, "लाईन खांबात उतरली तर?"

"मंग मला वर कळंल आन तुमाला खाली. संगंच."

आमच्या भावकीतला एक तालेवार माणूस दोन वर्षं शपथा घेत होता की मी तारेवर आकडा टाकून वीज घेत नाही. त्याचा हात खांबावर ठेवला आणि प्रश्न झाला, तशी त्याची शपथ तिथंच संपली. "थांबा, थांबा," म्हणाला, "जरा घरी जाऊन येतो." धोतराचा सोगा धरून पळाला आणि आकडा काढून आला. गाव महिनाभर हसलं. मला वाटलं, चोर धरायची ही वायरमनची युक्ती आहे. मी काही चोर नव्हतो. म्हणून मी ती गोष्ट तिथंच सोडली.

सात-आठ वर्षं झाली त्या दिवसाला. चैत्राचं ऊन होतं. कांद्याला शेवटचं पाणी राहिलं होतं आणि नेमका शेतीच्या लाईनचा जंप तुटला. जंप म्हणजे खांबावर अलीकडची तार पलीकडच्या तारेला जोडणारा तुकडा. आमच्या बाजूच्या सगळ्या मोटारी बंद. मी तीन दिवस वायरमनला फोन करत होतो. "येतो, तात्या. माझ्यावर चार गावं हायत," एवढंच उत्तर. कांदा माना टाकायला लागला.

चौथ्या दिवशी मी कोणाची वाट बघितली नाही. वस्तीवरच्या घराला गावठाणाची वेगळी लाईन येते, ती चालू होती. घरातल्या बोर्डावरून मी केबल काढली, बांधाबांधानं विहिरीवर नेली आणि स्टार्टरच्या पेटीत जोडली. कंडेन्सर लावला की एका फेजवर मोटार ओढते, हे मला माहीत होतं. शेतीच्या खांबावरून पेटीत येणारी जुनी वायर मी तशीच राहू दिली. ती तीन दिवस मेलेली होती. मेलेल्या वायरला कशाला सोडवायचं?

कारभारीण म्हणाली, "वायरमनला इचारलं का?"

"मला शिकवू नको. शाळेची मधल्या सुट्टीची घंटा झाली की चुलीपाशचं बटण दाब, मग विहिरीवर जाऊन स्टार्टर दाब. तवर मी वाफ्यावर पोचतो."

मोबाईल घरातच राहिला. खोरं खांद्यावर टाकून मी निघालो. वाटेत ओढ्याच्या वळणावर तो तुटक्या जंपाचा खांब, आणि खांबाखाली वायरमनची मोटारसायकल. आमच्या शेजारचे तिघं शेतकरी जमलेले.

"या तात्या," वायरमन म्हणाला, "तीन दिस फोनवर माझा जीव खाल्ला. तुमचंच काम काढलंय आज."

शेजारी म्हणाला, "तात्यालाच लावा खांबाला! सपनात बी कांद्याला पानी देतोय."

तिघं हसले. मी खोरं खाली ठेवलं, चपला काढल्या, खांबावर तळहात ठेवला. लोखंड तव्यासारखं तापलं होतं.

"कुणाचं काय जोडलेलं हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडंच बघितलं. "तात्या, वस्तीवर?"

"एकदा न्हाई म्हणलं ना? मी काय चोर हाय व्हय?"

एवढंच मी बोललो. मला ते खोटं वाटलंच नाही. गावठाणाच्या विजेचं बिल मी भरतो. माझ्या घरातली वीज माझ्या विहिरीवर, त्यात याच्या खांबाचा काय संबंध? वीज डीपीवरून येते आणि मोटारीत जाते, उतारावरच्या पाण्यासारखी. ती उलटी कशी चढेल?

तो वर चढला. कमरेचा पट्टा खांबाला अडकवला. होल्डरला दोन वायरी लावलेला एक बल्ब त्याच्याकडं असायचा, तो तारांना लावून बघितला. बल्ब पेटला नाही. तार मेलेली होती. बल्ब त्यानं तिथंच लटकत ठेवला आणि हातमोजा काढून दातात धरला, कारण मोजा घालून तार पिळता येत नाही.

खाली शेजारी सावली शोधत बसले. त्यातला एक मला म्हणाला, "तात्या, तुमाला पाईपलाईनीतलं कळतंय. माझी मोटार बंद केली की लाईनीतलं समदं पानी माघारी विहिरीत येतंय. पंपातला पंखा उलटा फिरतोय. काय करावं?"

"वाल बसव, पानी माघारी येऊ देत न्हाई तो," मी म्हणालो. या कामात मला तालुक्यात कोणी शिकवू शकत नाही. "लाईनीला वाल नसला की ती दोन्ही अंगानं चालती. तिला काय कळतंय कुठनं यायचं आन कुठं जायचं?"

बोललो आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

माझ्या पेटीत एका अंगानं घरची केबल आली होती. दुसऱ्या अंगाला खांबावरून आलेली ती मेलेली वायर. मध्ये वाल नव्हता. कारभारीण बटण दाबणार, वीज केबलीतून पेटीत येणार, पेटीतून त्या वायरीवर, वायरीवरून शेतीच्या तारेवर, आणि ती तार माझ्या डोक्यावर त्या माणसाच्या उघड्या हातात होती. त्याच्या पोटाशी बांधलेले तीन फ्यूज याच्या आड येणार नव्हते.

मी वर बघितलं. ऊन डोळ्यात आलं. त्याच्या चपलांचे तळ आणि वाकलेली पाठ, एवढंच दिसत होतं. खांबाची सावली माझ्या पायाशी आली होती, म्हणजे सुट्टी व्हायला फार वेळ नव्हता. माझी कारभारीण शब्दाची पक्की. चाळीस वर्षांत तिनं सांगितलेलं काम एकदा पुढंमागं केलेलं नाही. ती या घटकेला बटणापाशी कान देऊन उभी असणार.

ओरडायला पाहिजे होतं. एक शब्द पुरला असता. मी तोंड उघडलं. समोर तिघं बसलेले. आत्ताच मी चौघांच्या देखत म्हणालो होतो, मी काय चोर आहे का. तो शब्द आता त्यांच्याच देखत मागं घ्यावा लागणार होता. मला वाटलं, अजून दोन मिनिटं असतील. मला वाटलं, आज घंटा उशिरा होईल. घाम डोळ्यात गेला. हे लिहितानासुद्धा मला माझी लाज वाटते की मी मोजत उभा राहिलो, आणि बोललो नाही.

मी बोललो नाही, पण माझा हात खांबावरून निघाला. मी काढला नाही, निघाला. छातीशी येऊन चिकटला.

वरून आवाज आला. "तात्या, हात."

मी हात पुढं केला. बोटं खांबापाशी जाईनात.

पकडीचा आवाज बंद झाला. त्यानं मान वळवून खाली बघितलं. माझं तोंड त्याला दिसलं असेल. त्यानं तार सोडली, दोन्ही हात पोटाशी घेतले आणि पट्ट्यावर मागं रेलला.

"तात्या," अगदी हळू म्हणाला, "दुसरं टोक कुठं हाय?"

"माझ्या चुलीपाशी."

आणि शाळेची घंटा झाली.

आम्ही चौघं वर बघत होतो. भर उन्हात पेटलेला बल्ब लवकर ओळखू येत नाही. आधी मला काहीच दिसलं नाही. मग काचेच्या आत एक पिवळा डाग दिसला. तारेवर लटकत, वायरमनच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, बल्ब पेटला होता. तो अंग आखडून पट्ट्यावर तसाच टांगलेला. हलला असता तर कशाला लागला असता देव जाणे.

"जावा," तो वरूनच म्हणाला. "बंद करा. पळा."

मी अनवाणी पळालो. ढेकळं, सराटे, काही कळलं नाही. कारभारीण दारातून निघून विहिरीकडं चालली होती. मला बघून हसली. "टायमावर दाबलं की मी! माघारी का आलात?"

मी तिच्या अंगावरून आत गेलो, बटण बंद केलं, बोर्डातून केबल उपटली. विहिरीवर जाऊन पेटीतून उपटली. सगळी केबल गोळा करून खांद्यावर घेतली आणि तसाच निघालो. ती मागं ओरडत होती, "अवो, झालं काय?" तिला मी सांगितलं की वायरमन आला आहे, आता गरज नाही. आजपर्यंत माझ्या तोंडून तिनं तेवढंच ऐकलं आहे. तिच्या बोटानं काय होणार होतं, ते मी तिला कसं सांगू?

मी परत आलो तेव्हा वायरमन खाली उतरून मातीत बसला होता. कोणीतरी त्याला पाण्याची बाटली दिली होती. तो पीत होता, पण पाणी तोंडात कमी आणि शर्टावर जास्त जात होतं. मी त्या माणसाला इतकी वर्षं भीत होतो, आणि मला कधी वाटलं नव्हतं की त्याला कशाची भीती वाटत असेल.

शेजारी उठून माझ्या अंगावर आला. "म्हाताऱ्या, मानूस मारला असता तू! ह्याला ठाण्यात न्या, वायरमन. आमी जबानी देतो."

नेलं असतं तर गेलो असतो.

वायरमननं बाटलीचं टोपण लावलं. पहिल्या खेपेला लागलं नाही, दुसऱ्या खेपेला लागलं. "मला रोज भ्या वाटतंय, तात्या," माझ्याकडं न बघता तो म्हणाला. "घरनं निघताना मंडळी डबा देती, तवापासनं वाटतंय. तुमाला आज पयल्यांदाच वाटलं." मग उठला, ढुंगणाची माती झटकली. "जंप अर्धा राहिलाय."

त्यानं मला खांबाकडं बोट दाखवलं. मी केबलीचं ओझं खांद्यावर तसंच ठेवून तळहात खांबावर ठेवला. पायातून रक्त येत होतं ते तेव्हा दिसलं.

"कुणाचं काय जोडलेलं हाय का?"

"न्हाई."

"तुमी सोता काढलं?"

"व्हय."

शेजारी म्हणाला, "थांबा, वायरमन. ह्याच्यावर इसवास ठेवू नका. मी वस्तीवर जाऊन बघून येतो."

"कशाला?" वायरमन म्हणाला. "त्यांनी सांगितलं ना."

आणि तो चढला. पट्टा अडकवला, बल्ब बघितला, मोजा काढून दातात धरला आणि तार हातात घेतली.

मी खरं बोललो होतो. केबल माझ्या खांद्यावर होती, तिचं वजन मला लागत होतं. तरी मी मनातल्या मनात पुन्हा घरी जात होतो. बटण बघत होतो, बोर्ड बघत होतो, पेटी उघडून बघत होतो, आणि पुन्हा घरी जात होतो. मी माझ्या शब्दावर आयुष्यभर मान ताठ ठेवून चाललो, आणि त्या घटकेला माझाच शब्द मला खरा वाटेना. वर तो माणूस त्याच शब्दावर उघड्या हातानं तार पिळत होता. पकडीचा आवाज येत होता. तो मधेच थांबला की माझा श्वास थांबायचा, आणि पुन्हा सुरू झाला की मी श्वास घ्यायचो.